उजवा, पण कुणीकडून?

विमल,

काल दुपारी एसटीत तू माझ्या शेजारी येऊन बसलीस. नगरहून घोडेगावला निघालेली गाडी, खिडकीतून आत येणारं ऊन, पुढच्या सीटवर शिंगणापूरला निघालेलं एक कुटुंब, त्यांच्या मांडीवर तेलाची बाटली, आणि मला लागलेली डुलकी. तू नेहमीप्रमाणे खिडकीची जागा मागितलीस आणि मी नेहमीप्रमाणे कुरकुर करत दिली. बाहेर ज्वारीची रानं हळूहळू मागे सरकत होती, तू काचेवर बोटानं रेघोट्या ओढत होतीस, आणि तुझ्याच जलदानविधीला तू माझ्याबरोबर निघाली आहेस याचं मला जराही नवल वाटत नव्हतं. मग घाटात गाडीला हिसका बसला. डोळे उघडले तर शेजारी एक आजोबा शेंगा सोलत होते आणि खिडकीशी मीच बसले होते.

तू जाऊन आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत मला दिसतेस ती अशीच, दिवसाढवळ्या, अर्धवट जागेपणी. कुकरच्या शिट्ट्या मोजताना दिसतेस. स्टाफरूममध्ये पेपर तपासताना मान वर केली की समोरच्या खुर्चीत असतेस, नीट बघायला गेलं की नसतेस. मला भीती वाटत नाही. उलट मी पुन्हा डोळे मिटून बघते, पण असं ठरवून बोलावलं की तू येत नाहीस. जिवंत होतीस तेव्हाही बोलावून कधी आली नाहीस म्हणा.

कॉलेजात शोकसभा झाली. तुझं शिक्षण, तुझी पदं, तू किती वर्षं शिकवलंस, सगळं वाचून दाखवलं. एकही चूक नव्हती त्यात. मला मात्र सारखं वाटत होतं की तू मागच्या बाकावर बसून हनुवटीला पेन लावून ऐकते आहेस आणि आता हात वर करून विचारणार आहेस, की या बाई नेमकं काम काय करत होत्या? ते कुणीच सांगितलं नाही. एका सरांनी 'अणुऊर्जेच्या क्षेत्रात' असं म्हटलं. तुझ्या चेहऱ्यावर काय आलं असतं ते आठवून मला तिथेच हसू फुटलं आणि शेजारच्या मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्यांना वाटलं मी रडते आहे.

कुणी गेल्यावर लोक गहिवरून लिहायला लागले की तू वैतागायचीस. "आधी काम सांगा, मग रडा," म्हणायचीस. तर आधी काम सांगते. तुला हे सांगणं म्हणजे आईला भाकरी शिकवणं आहे, पण हे वाचणाऱ्यांसाठी सांगते.

अणूच्या पोटात केंद्रक असतं आणि त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीनं बसलेले असतात. आपण ज्या प्रयोगाची आकडेमोड करायचो त्यात एक जड केंद्रक दुसऱ्यावर फेकलं जायचं, आणि दोघं एकमेकांना घासून जायची. या घासण्यात फेकलेलं केंद्रक कणकेच्या गोळ्यासारखं ताणलं जातं, गिरकी घेतं, आणि गिरकी घेता घेता त्याचे दोन तुकडे होतात. एक मोठा, एक लहान. लहानात न्यूट्रॉनचं प्रमाण जास्त असतं, मोठ्यात कमी. तुटण्याआधी क्षणभर दोघं एका बारीक मानेनं जोडलेले राहतात, आणि तेवढ्या वेळात त्या मानेतून न्यूट्रॉन-प्रोटॉनची ये-जा होते आणि दोन्ही तुकडे सारखे होत जातात. मान तुटली की ते सारखं होणं जिथल्या तिथे थांबतं. अर्ध्यावर असेल तर अर्ध्यावर.

हे किती वेळ चाललं ते मोजायचं होतं. पण तो काळ इतका लहान की त्याच्या मापाचं घड्याळच जगात नाही. म्हणून मग गिरकीलाच घड्याळ मानायचं. तुटताना जोडी जेवढी वळलेली, तेवढा वेळ ती एकत्र होती. कमी वळली असेल तर लवकर तुटली, जास्त वळली तर उशिरा. तू हे पहिल्यांदा मला समजावलंस ते नगरला, सावेडीतल्या तुझ्या खोलीवर, परातीत पीठ मळत. गोळा लांबवलास, हवेत फिरवलास आणि तोडलास. एक तुकडा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "आता सांग, यात मीठ किती गेलं?" त्या दिवशी चपात्या जरा खारटच झाल्या होत्या.

तू शिकलीस त्या शाळेत, घोडेगावात, मुलांना हे मराठीतून सांगायचं ठरलं तेव्हा आपण शब्दावरून तीन दिवस भांडलो. मी म्हटलं 'समतोल'. तू म्हणालीस, समतोल तराजूचा असतो, तराजूतली पारडी एकमेकांना काही देत नाहीत. मग मी, खरं सांगते, तुला बरं वाटेल म्हणून 'समता' सुचवलं. तू पेन खाली ठेवलंस. "माझ्या खुशीसाठी न्यूट्रॉनला समता नको देऊस, शैले. न्यूट्रॉनला जात नसते. त्याला आपल्यात ओढायचं नाही." मी दुखावले. मला वाटलं होतं, मी किती समजूतदार आहे ते तुला दिसेल. शेवटी तू फळ्यावर लिहिलंस 'मुरणं'. आंब्याच्या फोडीत मीठ मुरतं आणि फोडीचं पाणी बाहेर येतं, दोन्हीकडून देणं होतं, त्याला वेळ लागतो आणि बरणी लवकर उघडली तर लोणचं कच्चं राहतं. मुलांना एका वाक्यात कळलं. मी मात्र अजूनही म्हणेन की शास्त्रीय लेखात 'मुरणं' चालणार नाही. यावर तुझं उत्तर यायचं राहिलं.

माणसांच्या गोष्टी केंद्रकांवर लादलेल्या तुला चालायच्या नाहीत, हे मला माहीत आहे. आज मी थोडं तसं करणार आहे. ओरड हवं तर.

तू आमच्या वस्तीवर पहिल्यांदा आलीस तेव्हा आईनं चहा बाहेर ओट्यावर दिला. "आत लई पसारा हाय," म्हणाली. आत पसारा नव्हता. मी तुझ्याबरोबर ओट्यावर बसले, चहा प्याले, आणि काही बोलले नाही. परतताना एसटीत तू म्हणालीस, "चहा छान होता गं. पसारा पण छान असेल." आणि खिडकीबाहेर बघत बसलीस. पुढे काही वर्षांनी त्याच आईनं तुला चुलीपाशी बसवलं, तुझ्या हातच्या भाकरी खाल्ल्या, वर "विमलवानी भाकरी तुला जमत न्हाई" असं मला ऐकवलं. मला वाटलं, झालं, जिंकलो. तू म्हणालीस, "भाकरी थापायला लावली म्हणजे झालं का सगळं?" मी चिडले. तुला चांगलं काही दिसतच नाही म्हणाले. आठवडाभर आपण एकमेकींशी बोललो नाही, मग सोमवारी एका आलेखातल्या चुकीवरून बोलायला लागलो आणि ते भांडण तसंच राहून गेलं. तुझं बरोबर होतं असं मला आज वाटतं. आईही बदलली होती, तेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकदम कशा मांडायच्या ते मला अजून जमलेलं नाही.

आता आपली ती कामाची वही.

त्या वहीत केंद्रकाच्या दोन तुकड्यांना आपण कधी मोठा आणि लहान म्हटलं नाही. त्यांचं नाव पडलं बैलजोडी. एक उजवा, एक डावा. आपल्या दोघींच्या डोक्यात बैल होतेच. मी शेतातली, कुळवामागे चालत वाढलेली. तू घोडेगावच्या बाजारातली, तुझे वडील, अण्णा, तिथे लोकांची जनावरं धरायचे, गिऱ्हाईक आलं की बैलाचं तोंड उघडून दात दाखवायचे, आणि तू दप्तर घेऊन त्यांच्या शेजारी उभी असायचीस. तू काढलेलं ते चित्र मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. चौकोनी वहीचं पान, निळी शाई, दोन सारखेच गोळे शेजारी शेजारी, आणि खाली तुझ्या नेटक्या अक्षरात: बाण डाव्याकडून उजव्याकडे. गोळ्यांवर नावं लिहिली नव्हतीस. गरजच नव्हती, उजवा तो उजवा.

मी ते चित्र संगणकात घालायला बसले आणि मला एक शहाणपण सुचलं. मी बैलाच्या मागून बघते, विमल बाजारातली, ती बैलाच्या समोरून बघत असणार. म्हणजे तिचा उजवा तो माझा डावा. मी बाण उलटा केला. तू पलीकडच्या टेबलावर बसली होतीस, चार हातांवर. विचारलं नाही.

जोडी किती वळली ते त्या बाणापासून मोजायचं, म्हणून बाण उलटला की घड्याळ उलटं चालतं. जी जोडी जेमतेम वळून तुटली ती बराच वेळ एकत्र होती असं दिसायला लागतं, आणि उलट. आलेख निघाला तो असा, की जितका वेळ सोबत, तितके दोन तुकडे एकमेकांपासून वेगळे होत चाललेले. आपण दोघी त्याच्याकडे बघत बसलो. दुपारची वेळ होती, पंखा गरगरत होता, बाहेर कुणीतरी कुल्फीची घंटा वाजवत होतं. तू म्हणालीस, "हे केंद्रकांचं दिसत नाही बाई, नवरा-बायकोचं दिसतंय." आपण पोट दुखेपर्यंत हसलो. मग तू गंभीर झालीस, म्हणालीस, कुठेतरी काहीतरी उलटं झालंय. आणि मी, मला तो आलेख आवडायला लागला होता, मी म्हटलं, नवीन काही सापडलं असेल तर? महिनाभर आपण त्या आलेखाला अर्थ चिकटवत बसलो. मी जास्त. तुझ्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

मग ती बैठक. पडद्यावर आपल्या गटाचे प्रमुख, परदेशातले ते म्हातारे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, तुमचा बाण उलटा तर नाही ना? आणि मग, कुणी ठरवली ही दिशा?

"चित्र विमलचं होतं," मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. चित्र तुझंच होतं. मी एक अक्षरही खोटं बोलले नाही, आणि ते मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात मोठं खोटं आहे. तू माझ्याकडे बघितलंस. तेव्हा मला वाटलं, तू पडद्याकडे बघते आहेस. मग म्हणालीस, "मी पुन्हा तपासते." बाण सरळ केला, आलेख सरळ झाला, तुकडे जसे मुरायला हवे होते तसे मुरायला लागले. सगळे खूश झाले. त्या वर्षी प्रयोगाच्या वेळी, केंद्रकं फेकणाऱ्या परदेशातल्या यंत्रापाशी आपल्याकडची एकच जण जाऊ शकणार होती. प्रमुखांनी माझं नाव सुचवलं, जास्त काटेकोर म्हणून. मी गेले.

तू त्या यंत्रापाशी कधीच गेली नाहीस. पुढच्या वर्षी तुझ्या आईचं आजारपण, त्याच्या पुढच्या वर्षी परीक्षांची कामं, मग तो प्रयोगच संपला. ज्या यंत्रातून निघालेले आकडे तू पंधरा वर्षं चाळलेस ते तू पाहिलंच नाहीस. मी परत आले तेव्हा तू मला खुर्चीवर बसवलंस, चहा दिलास, आणि डोळे मिटून म्हणालीस, "सांग. सगळं सांग. घाई करू नको." मी सांगत गेले. निर्वात नळी, तिच्याभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे लावलेले शोधक, भिंतीवरचे पिवळे दिवे, खाली जाताना लागणारा थंडावा. तू मध्येच विचारलंस, "आवाज कसा येतो?" मी म्हटलं, पंपांचा, पिठाच्या गिरणीसारखा, लांबून ऐकू येतो तसा. तू डोळे मिटूनच होतीस. तुझे ओठ जरासे हलत होते, गिरणीचा आवाज काढत असल्यासारखे. मला ते फार सुंदर वाटलं होतं. त्या वेळी मला फक्त सुंदरच वाटलं, याची आज लाज वाटते.

आणि मग मी त्या चुकीची गोष्ट केली. ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल याचा हिशेब नाही. निरोप समारंभात, नव्या मुलांसमोर, प्रवासात. आम्ही दोघी एकाच तालुक्यातल्या, पण एकीनं बैल मागून पाहिलेला आणि एकीनं पुढून, म्हणून विज्ञानातलं घड्याळ महिनाभर उलटं चाललं! लोक खळखळून हसायचे. वर कुणीतरी म्हणायचं, वा, किती सुंदर, दोन दृष्टिकोन. कुणाचीच चूक नाही. तू शेजारी असायचीस आणि खाली बघून हसायचीस. मला वाटायचं, तुलाही ही गोष्ट आवडते.

काल घोडेगावात तुमच्या दारापुढे मांडव होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, हार घातलेल्या तसबिरी आणि त्यांच्या शेजारी तुझा फोटो, तो ओळखपत्रावरचा, ज्यात तू छायाचित्रकारावर चिडलेली आहेस. वंदना झाली. सगळ्यांचा आवाज एका लयीत वर जाऊन खाली येत होता आणि मला पुन्हा तसंच झालं, तू माझ्या डाव्या बाजूला उभी राहून पुटपुटते आहेस असं. मग बोलायला माझं नाव घेतलं. मी काम सांगितलं, तुझ्या पद्धतीनं, लोणच्याचं उदाहरण देऊन. आणि मग, अण्णा समोर बसलेले, त्यांच्याच धंद्यातली गोष्ट, त्यांना बरं वाटेल म्हणून मी बैलाची गोष्ट सांगितली. माणसं डोळे पुसता पुसता हसली. अण्णा हसले नाहीत. मला वाटलं, दुःखात आहेत.

जेवणं झाल्यावर ते माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. लिंबाची सावली मांडवाच्या कापडावर हलत होती. हातातला पाण्याचा पेला तसाच धरून म्हणाले, "ताई, येक इचारू का?"

"विचारा ना, अण्णा."

"तुमी मगाशी म्हन्ला, आमच्यात समोरनं उजवा धरत्यात. ह्ये कुनी सांगितलं तुमाला?"

"सांगितलं असं नाही कुणी. मला वाटलं, तुम्ही बैलाच्या तोंडापुढे उभे राहायचे, म्हणजे..."

"न्हाई वो," ते म्हणाले. अगदी समजुतीनं, गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "बैल कुठल्या अंगाला चालतो ते बैलावरनं ठरतं, बघनाऱ्यावरनं न्हाई. मी आक्खी हयात त्येच्या तोंडापुढं हुबा ऱ्हायलो, पर त्येचा उजवा त्योच उजवा. गिऱ्हाईक म्होरं हुबं ऱ्हाऊ द्या न्हाईतर मागं. तुमच्यात बी त्योच आन् आमच्यात बी त्योच. येगळं कसं आसंल?"

वेगळं कसं असेल. विमल, इतकी वर्षं मी ज्याला दोन दृष्टिकोन म्हणत होते त्यातला एक होताच कुठे? तुझा उजवा माझाच उजवा होता. तू माझ्यासारखीच बघत होतीस. तुझं बघणं वेगळं असणार, हे मी माझ्या जागेवर बसून, तुला एका शब्दानं न विचारता ठरवलं, कारण तू बाजारातली. आणि 'बाजारातली' म्हणताना माझ्या मनात नुसता बाजार नव्हता, हेही आता लिहून टाकते. तो ओटा होता त्यात.

आणि मला आठवलं, एकदा ही गोष्ट ऐकून लोक पांगल्यावर तू मला म्हणाली होतीस, "शैले, कधीतरी अण्णांना विचार ना, उजवा कुठल्याला म्हणतात ते." मी 'हो हो' म्हणाले होते. तू पुन्हा कधी म्हणाली नाहीस. तू स्वतः का सांगितलं नाहीस हे विचारायचा मला हक्क नाही. कदाचित ते मी विचारायला हवं असं तुला वाटत असेल. कदाचित कंटाळली असशील. कदाचित, आणि हे सगळ्यात जड जातं, मैत्री टिकावी म्हणून तू तेवढं गिळलं असशील.

मी अण्णांना सगळं सांगितलं. बाण मी उलटा केला, तिचं चित्र बरोबर होतं, आणि बैठकीत मी काय म्हणाले. त्या यंत्रापाशी तिनं जायला हवं होतं, मी गेले. पेल्यातलं पाणी त्यांनी एका घोटात पिऊन टाकलं.

"तिथं जायाचं तिच्या लई मनात हुतं," ते म्हणाले. "पासपोर्ट काढून आनला हुता तिनं. मला दाखिवला. मी इचारलं, कवा जायाचं? तर म्हन्ली, औंदा शैला चाललीया, म्होरल्या साली मी."

पासपोर्टचं मला माहीत नव्हतं. तू मला कधी सांगितलं नाहीस.

"आता काय करनार, ताई?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"गटातल्या सगळ्यांना लिहिते, अण्णा. आजच. चित्र बरोबर होतं, चूक माझी होती, असं. कॉलेजातही सांगते. ती गोष्ट जिथे जिथे सांगितली तिथे..."

"लिव्हा," ते म्हणाले. उठले, खुर्ची घडी करून मांडवाच्या कडेला नीट लावून ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिव्हा. पर तिला सांगायचं हुतं."

येताना गाडीत मी झोपायचा खूप प्रयत्न केला. डोळे मिटून खिडकीची जागा रिकामी ठेवून बसले. तू आली नाहीस. घरी येऊन सगळ्यांना ईमेलनं पत्र लिहिलं, आपल्या प्रमुखांना, गटातल्या प्रत्येकाला. सकाळपासून उत्तरं येत आहेत. सगळे फार चांगलं बोलतात. इतक्या जुन्या गोष्टीचं मनाला लावून घेऊ नका, म्हणतात. एकानं लिहिलंय, हा तुमचा मोठेपणा आहे. मी ते पत्र पुसून टाकलं.

त्यांना सांगून काही झालं नाही, विमल. अण्णा म्हणाले ते खरं आहे. म्हणून हे तुला लिहिलं. तुझं चित्र बरोबर होतं. उलटं मी केलं, आणि तू चार हातांवर बसलेली असताना तुला विचारलं नाही.